अक्काची हजेरी

कवठे महांकाळ
२५ फेब्रुवारी १९९६, रविवार

ती. अक्कास,

अंजीचा पाया पडून नमस्कार. दाजींना नमस्कार, हौसाला आणि दिगूला गोड पापे.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत धरतो, उन्हात सुटतो. आता ऊन लागायला लागलंय, त्यामुळे ती पुन्हा सगळ्यांची घरं फिरून येते. दादा या वयातही मेंढरं घेऊन वारणेकाठी गेलेत, खतासाठी शेतात बसवायला. या वर्षी बागायतदार लवकर बोलावतायत म्हणे.

माझ्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. दाजींचं एक कार्ड आलं, त्यात 'सर्व क्षेम' एवढंच होतं. बाकीचं आईकडून कळलं. तू तिकडे साताऱ्याला एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जातेस, सकाळी सात ते चार, आणि तेवढा वेळ दिगूला हौसा सांभाळते. हौसाची शाळा किती बुडते असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "बुडायला काय झालं? पोरगी घरात तर हाय."  आईशी या विषयावर काय बोलायचं ते मला कधीच कळलेलं नाही.

मी काम करते ते ठिकाण तू पाहिलेलं नाहीस. संक्रांतीला येशील, तेव्हा दाखवू असं मनात होतं. आता लिहूनच दाखवते.

गावाबाहेर आप्पासोंची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं वाळली की बायका ओळीनं बसून बेदाणा निवडतात. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, काडी वेगळी. आठ-आठ तास मान खाली. बेदाण्याला रंग चढावा म्हणून शेजारच्या खोलीत गंधकाची धुरी देतात, तिचा वास शेडभर येतो. गेल्या वर्षीपर्यंत तान्ही पोरं तिथंच पोत्यावर असायची. खोकायची, मग रडायची, मग तोंडात बेदाणा कोंबला की गप्प बसायची. ज्या बायका मूल शेडवर आणत नसत, त्यांची थोरली मुलगी ते घरी सांभाळायची.

दिवाळी झाल्यावर हे बदललं. सातारच्या प्रमोदिनीबाईंची एक संस्था आहे. त्यांनी सरकारच्या योजनेतून इथे पाळणाघर मंजूर करून आणलं. ज्या घरची कमाई महिन्याला अठराशेच्या आत आहे आणि आई कामाला जाते किंवा आजारी असते, त्या घरच्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. शेडच्या पलीकडे एक जुनं गोदाम रिकामं होतं, ते आप्पासोंनी दिलं. बाकी सगळं सरकारच्या अनुदानातून. मी शिक्षिका आणि सुलाबाई मदतनीस.

अक्का, सरकार म्हटलं की मला रेशनची रांग आणि तलाठ्याची सही एवढंच आठवायचं. पण मंजुरीचा कागद मी तीनदा वाचला. पंचवीस मुलं, दोन बायका, दूध, खाऊ, चटया, खेळणी, औषधाची पेटी. कुठल्या तरी लांबच्या कचेरीत बसून कुणीतरी विचार केला, की बेदाणा निवडणाऱ्या बाईचं मूल त्या वेळी कुठे असतं. मला हे फार मोठं वाटलं. मी सुलाबाईंना तसं म्हणालेही. त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "त्येच्या बी घरात प्वार आसंल की."

सुलाबाईंबद्दल किती लिहू! वय पन्नासच्या पुढे, नवरा नाही, अक्षरओळख नाही. पण पाठमोऱ्या बसल्या असल्या तरी रडण्यावरून सांगतात, हे भुकेचं, हे झोपेचं, हे नुसतं नाटक. आमच्याकडे गुंडा नावाचा अडीच वर्षांचा मुलगा आहे. त्यांचा कान हातात धरल्याशिवाय तो झोपत नाही. त्यामुळे बारा ते दोन सुलाबाईंना हलता येत नाही. मला म्हणतात, "बाई, सरकारनं माझा कान बी मंजूर केलाय बगा."

एक काळजी आहे. आमची मंजुरी पहिल्या सहा महिन्यांचीच होती. मार्चमध्ये तपासणी आहे. ती नीट झाली तर पाळणाघर पुढे चालेल, नाही तर एप्रिलअखेर बंद. मग ही पंचवीस मुलं पुन्हा पोत्यावर. 

आणि हो, बी.ए. झाले म्हणून जुलैत ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला, त्या दिवशी तू न जेवता गेलीस. आई म्हणाली तुला एसटी गाठायची होती. तसंच असेल.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी,
अंजी


कवठे महांकाळ
२४ मार्च १९९६, रविवार

ती. अक्कास,

नमस्कार. पाडवा कसा झाला? आईनं तुझ्या नावानं एक पोळी बाजूला काढून ठेवली आणि संध्याकाळी स्वतःच खाल्ली.

परवा शुक्रवारी तपासणी झाली. कुणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तू वाचतेस की नाही हे मला माहीत नाही, तरीही लिहिते.

आधी कबूल करते, चूक माझी होती. गुरुवारी संध्याकाळी मी शेडवर जाऊन बायकांना सांगितलं, "उद्या तपासणीच्या बाई येणार आहेत. आपल्या पाळणाघराची इज्जत राखायची." मला म्हणायचं होतं की मुलांना आंघोळ घालून पाठवा, नाकं पुसा. एवढंच. पण मी भाषण केल्यासारखं बोलले. मला ती सवय आहे.

शिवाय मी आणखी एक शहाणपणा केला. गोदामाच्या आढ्याला आम्ही जुन्या लुगड्यांच्या सहा झोळ्या बांधल्या आहेत, तान्ही मुलं त्यातच झोपतात. मला त्या गरिबासारख्या दिसायला लागल्या. सगळ्या सोडून घड्या घालून पेटीत ठेवल्या आणि नव्या चटया ओळीत अंथरल्या. सुलाबाई म्हणाल्या, "चटईवर ही झोपायची न्हाईत." मी ऐकलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला जीप आली. मी दारात गेले आणि पाहते तर काय, बावीस आया! पाडव्याची लुगडी नेसून, केसांत अबोलीचे गजरे, कपाळभर कुंकू, गळ्यात बोरमाळ, पुतळ्यांची माळ, कुणाच्या हातात पाटल्या. त्या दिवशी एकजणसुद्धा कामावर गेली नव्हती. बावीस जणींनी एका दिवसाची मजुरी सोडली होती, का तर पाहुणी येणार. आप्पासो शेडच्या दारातून ओरडत होते, "आज बेदाना कोन निवडनार? मी बसू काय चोळी घालून?" त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तपासणीच्या बाई बारीक अंगाच्या, चष्मा लावलेल्या, हातात कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी चटईवरच बसल्या. रजिस्टर पाहिलं, दुधाची भांडी पाहिली, औषधाची पेटी उघडून बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. झोळ्या काढल्यामुळे तान्ही मुलं जागीच होती आणि सगळी आपापल्या आईच्या मांडीवर चढली होती. बाईंनी बनाबाईला विचारलं, "आज कामावर नाही गेलात?"

बनाबाई आमच्यातली सगळ्यात धीट. ती म्हणाली, "आज कुटलं काम? तुमी येनार म्हनल्यावर!"

बाई हसल्या. "आणि एरवी? रोज मूल इथं सोडून जाता ना?"

अक्का, तेव्हा बनाबाईनं काय केलं ठाऊक आहे? तिनं पोराला घट्ट जवळ ओढलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "न्हाई वं. माझं प्वार मीच सांभाळतीया. आईबिगर कोन सांभाळनार?"

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मग शालूबाईला विचारलं, तिनंही तेच सांगितलं. तिसरीनंही तेच. शहरातली शिकलेली बाई समोर बसून विचारते आहे की तू तुझं मूल सोडून जातेस का, आणि 'हो' कसं म्हणायचं? त्यांना वाटलं हाच तो इज्जतीचा प्रश्न, ज्याबद्दल अंजनाबाई काल बोलत होत्या. बाईंनी शालूबाईच्या गळ्याकडे पाहून विचारलं, "हे सोनं तुमचंच?"

"आमचंच की," शालूबाई मान ताठ करून म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी होते.  'या खोटं बोलतायत' असं त्यांच्यासमोर कसं म्हणणार? बी.ए. झालेली मी, आणि एक वाक्य सुचेना. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मला हळू आवाजात म्हणाल्या, "अंजना, इथल्या आया म्हणतात की त्या घरीच असतात. अंगावर सोनं आहे. एकही मूल झोपलेलं नाही, सगळी आयांजवळ आहेत. मी अहवालात काय लिहू, तूच सांग."



सुलाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. गुंडाला झोप येत होती, त्यामुळे त्यांचा कान अडकलेला. तशाच तिरक्या मानेनं त्या म्हणाल्या, "आवं बाई, काय लिव्हायचं ते लिव्हा. पर आदी शाळंत चला."

"शाळेत? तपासणी पाळणाघराची आहे."

"व्हय की. पोरं हितं आली म्हंजे पोरी तितं गेल्या. हितलं काय बगताय? तितलं बगा."

 बाई उठल्या आणि चपला घातल्या.

प्राथमिक शाळा रस्त्याच्या पलीकडेच आहे. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र बसतो. गुरुजींनी हजेरीपुस्तक दिलं. बाईंनी जूनपासून पानं उलटायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. अकरा मुलींच्या नावांपुढे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळीकडे गैरहजेरीच्या खुणा. मध्येच एखादा दिवस हजर, मग पुन्हा पंधरा दिवस नाही. आणि वीस नोव्हेंबरपासून, म्हणजे आमचं पाळणाघर उघडलं त्या सोमवारपासून, रोज हजर. अकराच्या अकरा. मी चार महिने रस्त्याच्या या बाजूला बसले होते आणि हे मला दिसलं नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुलाबाईंना दिसलं होतं.

बाईंनी एका मुलीला उभं केलं. बनाबाईची थोरली, दहा वर्षांची.

"दिवाळीच्या आधी शाळेत का येत नव्हतीस गं?"

"भावाला घ्याचं हुतं."

"तेव्हा आई कुठे असायची?"

"शेडवर."

"आणि आता?"

"आता बी शेडवरच आस्ती. पर त्यो सुलाआज्जीकडं आस्तोय." मग म्हणाली, "मला आता सातचा पाडा येतोय. म्हनू?"

तिनं सातचा पाडा म्हटला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकला. त्यानंतर चष्मा काढून पुसला आणि अकरा नावं स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी पाळणाघरं तपासते आहे. मुलं मोजते, चटया मोजते, दूध मोजते. शाळेची हजेरी पाहावी हे मला कधी सुचलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही."

परत आल्यावर त्या आयांमध्ये जाऊन बसल्या. म्हणाल्या, "बायांनो, माझी मुलगी लहान असताना मी तिला शेजारच्या आजींकडे ठेवून नोकरीवर जायचे. रोज. मूल कुणापाशी ठेवून कामाला जाण्यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्यासाठीच तर सरकारनं ही योजना काढली आहे."

बनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हवं का बाई! आमी उगंच खोटं बोललो."

"आणि सोनं?"

"त्ये बी खोटंच," शालूबाई म्हणाली. "मिरजंच्या बाजारातलं हाय. आन पाटल्या जावंच्या."

अक्का, गोदामात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. गुंडा दचकून जागा झाला. जाताना बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या झोळ्या पुन्हा बांध." पेटीतून बाहेर आलेलं लुगड्याचं टोक त्यांनी आल्या-आल्याच पाहिलं होतं बहुतेक.

अहवाल वरती गेला आहे. निर्णय यायचा आहे.

आता जे लिहायचं ते राहिलंच. बनाबाईची मुलगी पाडा म्हणायला उभी राहिली, तेव्हा मी तिच्या उभं राहण्याकडे पाहत होते. डावा पाय थोडा पुढे, कंबर एका बाजूला काढलेली, डावा हात अधांतरी वाकलेला. कडेवर मूल नव्हतं, पण ती मूल घेतल्यासारखीच उभी होती. वर्गातल्या अकराजणी तशाच उभ्या राहतात. मी एकेकीला फळ्याजवळ बोलावून पाहिलं.

तू तशीच उभी राहतेस, अक्का. तुझ्या लग्नाच्या फोटोत तू तशी आहेस. फोटोवाला दोनदा म्हणाला होता, "वैनी, सरळ उभं ऱ्हावा." मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि सगळ्यांबरोबर हसले होते. तू सरळच उभी होतीस. तुला तेच सरळ.

सत्काराच्या दिवशी मी माईकवर काय बोलले ते तुला आठवत असेल. मागच्या पत्रात मी एसटीचं लिहिलं. मला ठाऊक आहे तू एसटीसाठी गेली नव्हतीस. यापुढचं आज लिहवत नाही. दोनदा लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच.

तुझी,
अंजी


कवठे महांकाळ
१४ एप्रिल १९९६, रविवार

ती. अक्कास नमस्कार. दाजींना नमस्कार.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. पोस्टमननं शेडसमोरच दिलं आणि मी तिथंच रस्त्यात उभी राहून वाचलं. "पत्र मिळालं. लय लांब लिहितीस. मला वाचाय येळ न्हाई. हौसा वाचून दाखवती. कानाचं दोनदा वाचून घेतलं. दिगूला दाढा आल्या." पाच ओळी. तुझं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. गोल आणि सुटं आहे, आणि रेघ कुठेही खाली उतरलेली नाही. सुलाबाईंना कार्ड वाचून दाखवलं. कानाची गोष्ट साताऱ्यापर्यंत पोचली म्हणून त्या दिवसभर ऐटीत होत्या.

म्हणजे माझी पत्रं हौसा वाचते. मग हा पहिला भाग मी हौसालाच लिहिते.

हौसा बाळा, तू किती छान वाचतेस! एवढी लांब पत्रं, तीही माझ्या घाईच्या अक्षरातली. आता मी सांगते ते आईला नीट वाचून दाखव. आमच्या पाळणाघराला मंजुरी मिळाली. गुरुवारी पत्र आलं. एप्रिलमध्ये बंद होणार नाही, पुढेही चालणार आहे. अहवालाची एक प्रत प्रमोदिनीबाईंकडे आली आहे. त्यात तपासणीच्या बाईंनी आमच्याबद्दल चांगलं लिहिलं आहे, आणि अकरा मुलींची नावंही लिहिली आहेत. गावातल्या मुलींची नावं दिल्लीला जाणाऱ्या कागदात! मी ती मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा बायकांनी निवडणं थांबवलं. बनाबाई म्हणाली, "पुन्यांदा वाच." आप्पासोंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि त्या पाडव्यानंतरच्या सुट्टीबद्दल शेवटचं एकदा बोलून घेतलं.

आता महत्त्वाचं. प्रमोदिनीबाईंच्या संस्थेचं एक पाळणाघर साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर आहे. आईच्या कँटीनपासून चालत दहा मिनिटं. योजना हीच, सरकारचीच. तिथलं एक मूल पाच वर्षांचं झालं, त्यामुळे जूनपासून एक जागा रिकामी होते आहे. मी दिगूसाठी बोलले आहे. फॉर्म सोबत पाठवते. कँटीनच्या मालकांची चिठ्ठी आणि कमाईचा दाखला लागेल, तो दाजींनी आणावा. दिगूला तिथं दूध मिळेल, दुपारी झोपवतील, औषधपाणी होईल. तिथल्या बाईंचा कान त्याला धरू देतील का ते मात्र मी विचारलेलं नाही.

आणि मग जूनमध्ये तू चौथीत जायचंस, हौसा. रोज जायचं.

हे ठरवायचं मात्र आईनं. मी नाही. मी फक्त फॉर्म पाठवला आहे.

आता इथून पुढचं तू वाचू नकोस, बाळा. हा कागद आईच्या हातात दे. दिगूला आईच्या मांडीवर बसू दे, आणि तू बाहेर खेळायला जा.


अक्का,

हे मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे. सावकाश वाच. घाई नाही.

मी आपल्या शाळेत गेले होते. वस्तीवरच्या जुन्या शाळेत. कपाटात जुनं रजिस्टर आहे. गुरुजींनी धूळ झटकून काढून दिलं.

तुझं नाव आहे त्यात. माया बिराप्पा गडदे. इयत्ता तिसरी. प्रगती, उत्तम. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडली, ५ जुलै १९७४. कारण, धाकटी बहीण सांभाळणे.

मी तेव्हा वीस दिवसांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. दादा मेंढरांमागे होते. त्या वेळी आपल्या वस्तीवर कुठलं पाळणाघर आलं नव्हतं. तूच होतीस.

सत्काराच्या दिवशी मी माईकवर म्हणाले, "आमच्या घरात शिकायची आवड कुणालाच नव्हती. मी पहिलीच."

ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे मला बोलतानाही माहीत होतं. घरात सगळे म्हणायचे, मायाला शाळा आवडत नव्हती. मला ते ऐकून बरं वाटायचं. मग मला कुणाचं काही द्यायचं राहत नव्हतं.

मी आई-दादांचे आभार मानले. गुरुजींचे मानले. सरपंचांचे मानले. तू पुढच्या रांगेत होतीस, दिगूला कडेवर घेऊन. तू उठलीस. मी तुला जाताना पाहिलं, अक्का. पाहिलं, आणि पुढे बोलत राहिले.

माझं चुकलं.

तू मला पाठीवर बांधून पाणी आणायचीस. मी शाळेत जायला लागल्यावर मला शाळेच्या दारापर्यंत तूच सोडायचीस आणि पायरीवर बसून राहायचीस. मला वाटायचं, तू माझ्यासाठी बसतेस. परवा त्या पायरीवर बसून पाहिलं. तिथून फळा दिसतो.

हजेरी बघायला तपासणीच्या बाईंसारखं तुझ्या शाळेत तेव्हा कुणी आलं नाही. बावीस वर्षांनी मी गेले. उशीर झाला.

गुरुजींकडून तुझा शाळा सोडल्याचा दाखला लिहून घेतला. सही-शिक्क्यासह सोबत आहे. तो तुझा आहे, कुणी कधी आणलाच नव्हता. जूनमध्ये हौसाला शाळेत घेऊन जाशील तेव्हा बरोबर ने. तिला आधी दाखव, तिच्या आईची प्रगती काय होती ते. खालचं कारण मग सांग. किंवा नको सांगूस. तुझी मर्जी.

दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलेली,
तुझी
अंजी